बांधकाम चालू असलेला रस्ता आणि वाहनचालक : वर्धा जिल्ह्यातील मार्गांच्या संदर्भात

वर्धा जिल्ह्यातून जाणारे मोठे रस्ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. उत्तरेस कारंजा (घाडगे) व तळेगाव (श्यामजी पंत) यांवरून अमरावतीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, दक्षिणेस जाम, हिंगणघाट व वडनेर यांवरून हैदराबादेकडे जाणारा क्रमांक ४४, आणि या दोहोंच्या मधून बुटीबोरी, केळझर, सेलू, पवनार, वर्धा व देवळी असा यवतमाळकडे जाणारा क्रमांक ३६१, हे तीन प्रमुख होत. पहिल्या दोहोंचे ६ व ७ हे पूर्वीचे क्रमांक जुन्या चालकांच्या तोंडी अद्यापही आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हापासून त्यांत आणखी एका मार्गाची भर पडली. गेल्या दोन-अडीच दशकांत यांपैकी प्रत्येक मार्ग केव्हा ना केव्हा खणलेल्या, अर्धवट भरलेल्या किंवा एकाच बाजूने चालू असलेल्या अवस्थेत राहिलेला आहे. अशी अवस्था म्हणजे रस्त्याच्या आयुष्यातील तात्पुरता अपवाद, असे मानण्याची रीत आहे. परंतु ज्या चालकास त्यावरून रोज जावे लागते त्याच्या दृष्टीने तो अपवाद नव्हे. पुष्कळदा दोन-तीन वर्षे टिकणारी ती नित्याचीच परिस्थिती असते. यास्तव बांधकाम चालू असलेल्या रस्त्यावरून सुरक्षितपणे वाहन कसे न्यावे हा प्रश्न स्वतंत्र विवेचनास पात्र ठरतो.

भारतातील मार्गविषयक विचाराचा इतिहास पाहिला तर त्यात या प्रश्नाने फार उशिरा प्रवेश केला असे दिसते. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने रस्त्यांच्या विकासाचा पहिला अखिल भारतीय विचार केला. तिच्याच शिफारशींतून डिसेंबर १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस ही संस्था जन्मास आली. डिसेंबर १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद भरली ती वर्ध्यापासून फार दूर नसलेल्या नागपुरात. तेथे तयार झालेली वीस वर्षांची योजना आजही ‘नागपूर योजना’ या नावानेच ओळखली जाते. रस्त्यांचे वर्ग, त्यांची लांबी, गावापासून मोठ्या मार्गाचे अंतर किती असावे, या सर्वांचा विचार त्या योजनेत झाला. रस्ता होत असताना त्यावरून जाणाऱ्याचे काय, याविषयीची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे मात्र रस्ते काँग्रेसने २००१ साली प्रसिद्ध केली व २०१४ साली ती सुधारून विस्तृत केली. दोष कोणा एकाचा नाही. जोपर्यंत वाहने थोडी व मंद होती तोपर्यंत मजुराच्या हातातील लाल फडके आणि चुन्याने रंगविलेले चार दगड एवढ्यावर काम भागत होते. वाहनांचा वेग वाढला. दगड मात्र पुष्कळ ठिकाणी तेच राहिले.

या तत्त्वांनुसार कामाच्या जागेचे चार खंड पडतात. प्रथम पूर्वसूचनेचा खंड, ज्यात पुढे काम चालू असल्याची जाणीव फलकांनी करून दिली जाते. नंतर संक्रमणखंड; येथे वाहतूक तिच्या नेहमीच्या मार्गिकेतून काढून दुसरीकडे वळविली जाते. त्यानंतर प्रत्यक्ष कार्यखंड, ज्यात माणसे व यंत्रे असतात आणि त्यांच्या आधी काही मोकळी जागा राखलेली असते. शेवटी समाप्तिखंड, जेथे वाहतूक पूर्ववत होते. सामान्य समजूत अशी की, धोका तिसऱ्या खंडात, म्हणजे रोलर व टिपर यांच्याजवळ आहे. मजुरांच्या दृष्टीने ते खरेच आहे. परंतु चालकाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक जागा दुसऱ्या खंडाची होय. जेथे यंत्र दिसते तेथे चालक आपोआप सावध होतो. जेथे डोळ्यांना सर्व नेहमीसारखे दिसते आणि रस्ता मात्र नेहमीसारखा राहिलेला नसतो, तेथे त्याची फसगत होते.

या फसगतीचे स्वरूप जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. चालक प्रत्येक क्षणी समोरचा रस्ता नव्याने वाचीत नाही. विजेच्या खांबांची ओळ, दुतर्फा असलेली झाडे, मधली पांढरी रेषा, दूरवर दिसणारे समोरच्या वाहनाचे दिवे, यांवरून पुढील शे-दोनशे मीटर रस्ता कसा असेल याचे अनुमान तो सतत बांधीत असतो, आणि वाहन चालते ते या अनुमानावर. वळणमार्ग काढला जातो तेव्हा वाहतूक डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. परंतु खांबांची ओळ सरळच राहते, जुने डांबर सरळच पुढे गेलेले दिसते आणि त्यावरील जुनी पांढरी रेषाही कोणी पुसलेली नसते. म्हणजे दहा खुणा ‘सरळ जा’ म्हणत असतात आणि एक फलक ‘वळा’ म्हणत असतो. त्या एकट्या फलकाने दहा खुणांवर मात करावी अशी अपेक्षा असेल, तर तो मोठा, चकचकीत व पुरेसा आधी असावयास हवा, हे उघड आहे. आणि चालकाच्या बाजूने पाहता, पहिला पिवळा फलक दृष्टीस पडताच रस्त्याविषयीची स्वतःची सर्व अनुमाने रद्द समजणे, हाच या विषयातील पहिला धडा ठरतो.

विदर्भातील जुन्या रस्त्यांच्या बाबतीत यात आणखी एका गोष्टीची भर पडते. कडुनिंब, चिंच, बाभूळ अशी झाडे येथील रस्त्यांच्या कडेला असत व त्यांच्या बुंध्यांवर चुन्याचे व गेरूचे पट्टे ओढलेले असत. ती सजावट नव्हती. रात्री दिव्याच्या उजेडात त्या पट्ट्यांच्या दोन रांगा रस्त्याचे वळण कितीतरी आधी दाखवीत. रुंदीकरणात ही झाडे प्रथम जातात. नव्या रस्त्यावरील चमकणारी बटणे व कडेचे परावर्तक खांब सर्वांत शेवटी येतात. मधल्या काळात रस्त्याला कडा दाखविणारे काहीच नसते, आणि नेमक्या याच काळात त्याची कड रोज बदलत असते.

वेगाचा विचार येथे आकड्यांनी करणे इष्ट होईल. भारतीय मार्गरचनेत धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत चालकास २.५ सेकंद लागतात असे धरण्याची पद्धत आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एवढ्या अवधीत सुमारे ४२ मीटर पुढे जाते. त्यानंतर थांबावयास हिशेबाने सुमारे ३९ मीटर लागतात, कारण घर्षणगुणक ०.३६ च्या आसपासच धरला जातो. एकूण अंतर ८१ मीटर. हाच हिशेब ताशी ४० किलोमीटरला सुमारे ४४ मीटर, ताशी ८० ला सुमारे १२८ आणि ताशी १०० ला सुमारे १८२ मीटर येतो. वेग ४० वरून ८० वर, म्हणजे दुप्पट झाला, तरी थांबण्याचे अंतर जवळजवळ तिप्पट झाले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आता रस्त्यावर सुटी गिट्टी किंवा ओला मुरूम आहे आणि त्यामुळे घर्षण निम्म्यावर आले असे मानले, तर ताशी ६० चे ८१ मीटर अंतर सुमारे १२० मीटर होते व ताशी ४० चे ४४ मीटर अंतर सुमारे ६१ मीटर होते. दिव्यांचा झोत खाली असताना काळसर, न चमकणारी वस्तू, उदाहरणार्थ मातीने माखलेला उभा टिपर, पुष्कळदा ४०-५० मीटरच्या आत आल्यावरच ओळखू येते. ही दोन्ही अंतरे शेजारी ठेवली म्हणजे रात्री मुरमाच्या वळणमार्गावर ताशी ४० हा वेगसुद्धा अधिकच ठरतो, हे कोणासही मान्य करावे लागेल. फलकावर लिहिलेली वेगमर्यादा ही वरची सीमा होय. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल असा वेग हा खरा वेग, आणि तो चालकालाच ठरवावा लागतो.

तो ठरविण्याच्या आड एक मानसिक अडचण येते. वेगाची जाणीव ही सापेक्ष असते. श्मिट व टिफिन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात चालकांना ताशी ७० मैल वेगाने काही अंतर जाऊ देऊन नंतर केवळ अंदाजाने, वेगमापकाकडे न पाहता, वेग ताशी ४० मैलांवर आणावयास सांगितले होते. चालकांना जो वेग ४० चा वाटला तो प्रत्यक्षात बराच अधिक भरला, आणि आधीचे वेगवान अंतर जितके मोठे तितकी ही चूकही मोठी होती. समृद्धी महामार्गावर मोटारींस ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्यावरून दोन-तीन तास प्रवास करून जो चालक येळाकेळीजवळ खाली उतरतो व जिल्हा मार्गास लागतो, त्यास ताशी ७० हा वेग रांगण्यासारखा वाटला तर नवल नाही. पुढे पुलाचे काम चालू असेल, तर ‘आपण पुरेसे सावकाश जात आहोत’ ही त्याची प्रामाणिक समजूतच त्याला घातक ठरू शकते. अशा वेळी अंदाजावर विसंबून न राहता काट्याकडे पाहावे, एवढाच यावर उपाय आहे.

वर्धा जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर तयार झालेल्या काळ्या जमिनीचा आहे. कपाशीला मानवणारी ही माती रस्त्याला मुळीच मानवत नाही. तिच्यातील विशिष्ट चिकणखनिजांमुळे ती पाणी पिऊन फुगते व वाळल्यावर आकसून भेगाळते. पक्क्या रस्त्याखाली ही माती काढून टाकून किंवा चुना मिसळून तिचा बंदोबस्त करता येतो. वळणमार्ग मात्र काही महिन्यांपुरता असतो, म्हणून त्यावर एवढा खर्च सहसा होत नाही; काळ्या मातीवरच मुरूम पसरून रोलर फिरविला जातो. उन्हाळ्यात असा मार्ग ठीक दिसतो. पहिल्या दमदार पावसानंतर मुरूम खाली दबतो, काळी माती वर येते, आणि कालपर्यंत टणक असलेल्या पृष्ठभागावर चाक जाग्यावरच फिरू लागते. वरवर दिसणारा मुरमाचा तांबूस रंग टणकपणाची खूण मानून बाजूस वाहन घालणारा चालक हमखास रुततो. जड वाहन असेल तर कलंडण्याचेही भय असते. पावसाळ्यात अशा मार्गावर आधीच्या वाहनांच्या चाकोरीतून जाणेच शहाणपणाचे असते, आणि बाजूच्या पट्टीवर विश्वास ठेवणे हा जुगार असतो.

कोरड्या दिवसांत उलट अडचण धुळीची. ती बसावी म्हणून टँकरने पाणी मारले जाते, व ते योग्यही आहे. परंतु नुकतेच पाणी मारलेला मुरूम काही वेळ निसरडा असतो. मोटारीस ते जाणवतही नाही. दुचाकीचे पुढचे चाक मात्र ब्रेक दाबताच घसरते. पुढे टँकर चाललेला दिसला, तर त्याच्या मागोमाग घाईने जाण्यापेक्षा थोडे मागे राहणे बरे. धुळीच्या लोटात पुढे घुसून ओलांडण्याचा प्रयत्न करणाऱ्याविषयी काही लिहिण्याची आवश्यकता नाही.

यांहून अधिक गंभीर, आणि सामान्य चालकास सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे रस्त्याची उघडी कड. नव्या काँक्रीट रस्त्याचा वरचा थर साधारणतः २५ ते ३० सेंटिमीटर जाडीचा असतो व त्याखाली आणखी एक थर असतो. बाजूची माती भरून पट्टी तयार होईपर्यंत या थराची कड भिंतीसारखी उभी राहते. डांबरी रस्त्यावर नवा थर चढविताना ही उंची काही सेंटिमीटरच असते; परंतु तेवढीही पुरेशी घातक होऊ शकते. समोरून येणाऱ्या गाडीस वाट देताना डावे चाक कडेखाली उतरते. चालक घाबरून वाहन वर घेण्यासाठी सुकाणू उजवीकडे वळवितो. चाकाची बाजू कडेला घासत राहते व वर चढत नाही. म्हणून तो आणखी वळवितो. शेवटी चाक एकदम वर येते, आणि त्या क्षणी ते बरेच वळलेले असल्यामुळे वाहन उसळून समोरच्या वाहतुकीत घुसते. पाहणाऱ्यास वाटते, चालकाला झोप लागली असावी. वास्तविक तो पूर्ण जागा असतो. किंबहुना जागा असल्यामुळेच त्याने ही चूक केलेली असते. चाक उतरल्यावर सुकाणू घट्ट व सरळ धरावे, ब्रेक जोराने दाबू नये, पाय वेगाच्या पट्टीवरून काढून घेऊन वाहनास आपोआप मंदावू द्यावे, आणि वेग अगदी कमी झाल्यावर, जेथे कड उथळ असेल अशा जागी सावकाश वर यावे. कड फूटभर उंच असेल तर वर येण्याचा विचार सोडून थांबावे. दुचाकीस हीच कड निराळ्या रीतीने बाधते: दोन थरांमधील लांबच लांब पायरी चाकाला जवळजवळ समांतर लागली तर चाक तिच्या बाजूने घसरत जाते व गाडी आडवी होते. ती पायरी ओलांडावयाचीच असेल तर वेग कमी करून, शक्य तितक्या काटकोनात ओलांडावी.

आता या जिल्ह्याच्या ऋतुचक्राकडे पाहू जाता एक विलक्षण योगायोग दिसून येतो. रस्त्याची कामे पावसाळा सरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरपासून जोरात सुरू होतात. सोयाबीन निघण्याचा व कापूस वेचणीला येण्याचा काळही तोच. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी येथील बाजारांकडे व जिनिंगकडे कापसाच्या बंड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या निघतात, त्या पहाटे किंवा रात्री. कापूस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर फुगलेला असतो. मागचा दिवा असलाच तर तो त्या भाराखाली झाकलेला असतो. मोकळ्या सात मीटर रुंदीच्या रस्त्यावर अशी ट्रॉली कशीतरी सामावते. कामामुळे वाहतुकीस साडेतीन मीटरची एकच मार्गिका उरली, की ती ट्रॉली म्हणजे जवळजवळ संपूर्ण रस्ता होय. बंडीच्या बैलांचे डोळे तरी दिव्यात चमकतात. परंतु ते समोरून येताना. मागून येणाऱ्यास काळोखात एक करडी भिंत दिसते, आणि तीही उशिरा. ट्रॉलीच्या व बंडीच्या मागील फळीवर परावर्तक पट्टी लावण्याचा खर्च कापसाच्या एका भाराच्या मानाने अगदीच क्षुल्लक आहे.

याच दिवसांत पूर्ण झालेली पण वाहतुकीस न उघडलेली नवी बाजू आयतेच खळे बनते. स्वच्छ व कडक काँक्रीटवर सोयाबीन व तूर वाळत घातली जाते, दुचाकीस्वार दोन्ही दिशांनी त्यावरून जातात आणि मधल्या मोकळ्या फटीतून अचानक चालू बाजूवर येतात. नियमाने पाहता ही बाजू बंद आहे. प्रत्यक्षात ती गावाची वाट झालेली असते. कोणत्याही गावाजवळ अशा फटी दिसल्या म्हणजे तेथून कोणीतरी बाहेर येणारच, हे गृहीत धरून चालणाराच सुरक्षित राहतो.

एकेरी वाहतुकीच्या जागी दोन टोकांना दोन झेंडीवाले उभे असतात. त्यांना एकमेकांचे दिसत असेल तर काम सोपे. मध्ये वळण किंवा चढ असेल तर दूरध्वनीवर अथवा शेवटच्या वाहनाबरोबर खूण पाठवून निभवावे लागते. झेंडीवाला हा बहुधा त्याच कामावरील मजूर असतो. अंगावर चमकणारा अंगरखा, डोक्यावर टोप आणि हातात झेंडी, एवढ्यावर तो शेकडो वाहनांसमोर उभा राहतो. त्याने थांबविले असता, ‘समोर तर काही दिसत नाही’ म्हणून पुढे घुसणारा चालक त्या मजुराचा उपमर्द करतो, ही गोष्ट वेगळी. पण समोर काही दिसत नाही म्हणूनच तो तेथे उभा केलेला आहे, हे त्या चालकाच्या ध्यानात येत नाही. कामाच्या जागी श्रमणाऱ्या माणसांना किती मोठी किंमत द्यावी लागू शकते हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे: १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतर ठाणे जिल्ह्यातील शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना तुळई बसविणारे प्रचंड यंत्र कोसळून २० जण मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेचा वाहतुकीशी संबंध नव्हता. परंतु रस्त्याचे काम रात्री, दमलेल्या माणसांकडून व अवजड यंत्रांच्या सान्निध्यात चालते, याची जाणीव वाहनात बसून जाणाऱ्यास सहसा नसते.

थांबलेल्या रांगेविषयी थोडे. परदेशांतील अनेक पाहण्यांत कामाच्या जागी होणाऱ्या अपघातांत मागून धडकण्याचा प्रकार प्रमुख आढळला आहे. याचे कारण असे की, रांग वाढत वाढत पूर्वसूचनेच्या फलकांच्याही मागे जाते. तेव्हा येणाऱ्या चालकास फलक दिसण्यापूर्वी रांगेचे शेपूट भेटते. रांगेत शेवटी उभे राहणाऱ्याने धोक्याचे चारही दिवे चालू ठेवावेत, पुढील वाहनापासून एका मोटारीएवढे अंतर राखावे आणि मागून कोणी येऊन वेग कमी करीपर्यंत आरशावरची दृष्टी काढू नये. मागून येणारा ट्रक थांबत नाही असे दिसले तर ते मोकळे ठेवलेले अंतरच उपयोगी पडते.

रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या चालकाविषयी सामान्यतः असे समजतात की, तो परक्या चालकापेक्षा अधिक सुरक्षित. एस. टी. चालक, दूधवाला, शाळेच्या वा महाविद्यालयाच्या वेळेस निघणारा दुचाकीस्वार यांना प्रत्येक खड्डा पाठ असतो. परंतु बांधकामाचा रस्ता रातोरात बदलतो. काल डावीकडून असलेला वळणमार्ग आज उजवीकडून असतो. काल उघडी असलेली मोरी आज खणलेली असते. पाठ असलेला रस्ता हीच तेव्हा अडचण होऊन बसते. परका चालक निदान फलक तरी वाचतो.

फलकांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. ‘पुढे काम चालू आहे, वाहने सावकाश चालवा’ हा फलक काम संपून सहा महिने झाले तरी उभा असला, तर तो केवळ निरुपयोगी नसतो, अपायकारक असतो. कारण तो चालकास अविश्वासाचे शिक्षण देतो. असे पाच फलक खोटे ठरले, की सहावा खरा असला तरी वाचला जात नाही. याच्या उलट, काम चालू असून फलक नसणे किंवा काम कामासारखे न दिसणे हाही धोकाच. सप्टेंबर २०२५ मध्ये समृद्धी महामार्गावर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात रस्त्यातील सूक्ष्म भेगा भरण्यासाठी पृष्ठभागावर धातूच्या बारीक नळ्या बसविल्या होत्या. रात्री त्यांवरून गेलेल्या काही गाड्यांचे टायर फुटले, आणि रस्त्यावर खिळेच ठोकले आहेत अशी वार्ता प्रथम पसरली. ना खणलेला खड्डा, ना यंत्र, ना मातीचा ढीग. तरीही तो बांधकामक्षेत्राचाच प्रकार होता. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या रस्त्यावर काम जितके लहान तितका त्याचा इशारा मोठा हवा, असे त्यावरून म्हणता येईल.

येथे जबाबदारीचा प्रश्न येतो. चालकास कितीही उपदेश केला तरी दिवा नसलेला खड्डा त्यास दिसणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम घातले गेले. रस्त्याची रचना, बांधणी अथवा देखभाल यांबाबतची विहित मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास संबंधित अधिकारी, कंत्राटदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठ्या कंत्राटाच्या मानाने नगण्य आहे. तथापि अपघात म्हणजे केवळ चालकाची चूक या जुन्या गृहीतास कायद्याने प्रथमच तडा दिला, हे त्याचे महत्त्व होय. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. केंद्रीय मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात बांधकाम चालू असलेल्या रस्त्यांवरील अपघातांची वेगळी नोंद असते खरी. पण अपघातस्थळी फलक किती अंतरावर होता, रात्री दिवा होता की नाही, कड किती उंच होती, या गोष्टी त्या आकड्यांवरून कळत नाहीत. वस्तुतः जिल्ह्याच्या पातळीवर एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने दोन हंगाम ही मोजणी केली तर पुष्कळ प्रकाश पडेल. त्यास फारशी साधनेही लागणार नाहीत: मोजपट्टी, रात्रीची एक फेरी आणि वहीतील तारखा पुरेत.

या जिल्ह्यातील विद्यार्थिवर्गास हा विषय दूरचा नाही. जानेवारी २०२२ मध्ये देवळी-वर्धा मार्गावर सेलसुरा येथे मध्यरात्रीच्या सुमारास मोटार पुलावरून खाली कोसळून सात वैद्यकीय विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्या अपघाताची कारणमीमांसा हा येथील विषय नव्हे. पुलाविषयीची एक सामान्य गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. पुलाला बाजूची पट्टी नसते. रस्त्यावर झालेली चूक शेतात जिरते, पुलावर झालेली चूक जिरावयास जागा नसते. कामाच्या काळात जुना पूल व नवा पूल शेजारी शेजारी उभे असतात, त्यांची पातळी वेगळी असते आणि पोहोचमार्गाचा भराव अर्धवट असतो. म्हणून जेथे पुलाचे काम चालू आहे तेथे वेग पुलावर पोहोचल्यावर नव्हे, भराव सुरू होण्याआधी उतरलेला असावा.

चौथ्या, समाप्तिखंडाकडे लेखकांचे व चालकांचेही दुर्लक्ष होते. अर्धा तास धूळ खात, पहिल्या-दुसऱ्या गिअरात आलेला चालक समोर काळाभोर नवा रस्ता दिसताच वेग वाढवितो, आणि नेमके त्याच जागी दोन्ही दिशांची एकत्र चाललेली वाहतूक पुन्हा दोन बाजूंत विभागली जात असते. समोरून येणारा त्याच उतावळेपणाने चुकीच्या बाजूस राहिला तर दोघांची गाठ नव्या, सुरेख रस्त्यावर पडते. जुन्या व नव्या रस्त्याच्या सांध्यावर बहुधा एक उंचवटा किंवा खाच असते. कापसाची ट्रॉली तिथे हेलकावते, दुचाकी उडते. मार्गिका पुन्हा दोन झाल्याची खात्री पटेपर्यंत, मध्यभागी दुभाजक दिसेपर्यंत आणि काम संपल्याचा फलक मागे पडेपर्यंत कामाचा वेगच कायम ठेवावयाचा असतो. हा शेवटचा फलक पुष्कळ ठिकाणी लावलेलाच नसतो. तेव्हा दुभाजकाचा पहिला रंगविलेला दगड हीच समाप्तीची खूण समजावी लागते.